विणकाम शेडचे कलादालन : सोलापुरातील एका न्यासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातील एका सार्वजनिक न्यासाचे आहे. न्यासाचे, संबंधित व्यक्तींचे आणि वास्तूचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत; निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. न्यासाच्या सल्लागार समितीचा सदस्य या नात्याने प्रस्तुत लेखकाला तो जवळून पाहता आला.

सोलापूर शहर गिरण्यांवर वाढले. १८७७ च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, पुढे विष्णू, लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघरी माग लावले. कालांतराने गिरण्या बंद पडल्या, हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि त्यांतलेही अनेक कारखाने थांबले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले तरी ज्या शेडमध्ये हा माल विणला गेला त्यांतल्या कित्येक गोदाम तरी झाल्या किंवा पाडल्या तरी गेल्या. जुन्या वास्तूंना नवे काम देण्याची रीत मात्र शहराला अनोळखी नाही. राहण्यासाठी बांधलेल्या इंद्रभुवनात महापालिकेचे कार्यालय आले आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर स्मारक झाले.

चित्रकलेच्या बाजूने पाहिले तर गावात चित्रे काढणारे पुष्कळ आणि ती मांडण्याजोग्या भिंती थोड्या, अशी स्थिती फार दिवसांची आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना दरवर्षी शाळाशाळांतून मुले बसतात, कलाशिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी आहेत, स्वतःची चित्रे विकून घर चालवू पाहणारी तरुण मंडळीही आहेत. प्रदर्शन भरवायचे म्हटले की वाचनालयाचे सभागृह, शाळेचा हॉल किंवा लग्नसराई नसताना मिळणारे मंगल कार्यालय यांवर भागवावे लागते. ज्यांना जमते ते पुण्यात बालगंधर्व कलादालनाकडे किंवा मुंबईत जहांगीरकडे अर्ज करून वाट पाहतात.

अशा वेळी बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या मालक कुटुंबाने आपली शेड, तिच्या पुढची दुमजली दगडी कचेरी आणि अंगण न्यासाला दान दिले. दानपत्रात अट एकच होती, की जागा कलेसाठी आणि विणकामाच्या आठवणीसाठी वापरली जावी.

वास्तू आणि तिच्याबरोबर आलेला संग्रह

शेडच्या भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या आणि हातभराहून जाड आहेत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असून प्रत्येक दात्याची उतरती बाजू पत्र्याची आणि उत्तरेकडची चढती बाजू काचेची आहे. विणकामाला सारखा, सावली न पाडणारा उजेड लागतो म्हणून ही रचना विलायतेतल्या कापड कारखान्यांतून आपल्याकडे आली. चित्रशाळांनाही उत्तरेचाच उजेड हवा असतो. त्यामुळे शेड पाहायला येणारा प्रत्येक जण मान वर करून म्हणे की ही तर आयतीच आर्ट गॅलरी आहे. या वाक्याने पुढे बराच काळ समितीला गुंतवून ठेवले.

कचेरीत लाकडी कपाटे भरून जुने नमुने सापडले. त्यांतला एक कागद वर्णन करण्याजोगा आहे. साधारण चादरीच्या काठाएवढा लांब असा तो ग्राफपेपर. त्यावरचा प्रत्येक बारीक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा यांची एक गाठभेट. कोणा नमुनाकाराने अतिशय बारीक कुंचल्याने एकेक चौकोन लाल पोस्टर कलरने भरत मोर उभा केला आहे. मोराच्या मानेपाशी चार चौकोन पांढऱ्या रंगाने खोडून पुन्हा भरले आहेत, कारण तेथे वळण टोचत होते. समासात पेन्सिलीने तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही लिपींत आकडे टाकले आहेत. हा ग्राफ वाचत पंचिंग करणारा पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडी, ती कार्डे दोऱ्याने ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढत आणि मग मोर चादरीवर उतरे. असे ग्राफ, कार्डांच्या माळा, विणलेले तुकडे आणि हातमागावर विणलेली काही व्यक्तिचित्रांची वॉल हँगिंग्ज एवढा ऐवज न्यासाच्या पदरात पडला. त्या मोरावर नमुनाकाराचे नाव नाही. माझ्या मते ते कोणत्याही कलादालनाच्या भिंतीवर मानाने लागावे असे चित्र आहे, आणि समितीतल्या चित्रकारांनाही तसेच वाटले.

अडचण नेमकी कोणती होती

आरंभी सर्वांना अडचण पैशाची वाटत होती. छप्पर गळत होते, जमिनीला तेलाचे थर होते, वीज जोडणी तोडलेली होती. पण अभियंत्याकडून संरचनेची तपासणी झाल्यावर भिंती आणि लोखंडी खांब धडधाकट निघाले, आणि खरा पेच दुसराच असल्याचे लक्षात आले.

पेच असा होता की एकाच छताखाली दोन परस्परविरोधी गरजा भागवायच्या होत्या. चित्रकारांना भरपूर उजेडाची मोठी जागा हवी होती. ग्राफपेपर, पोस्टर कलर आणि रंगवलेले सूत यांना मात्र उजेडाचेच वावडे असते. संग्रहालयांच्या व्यवहारात कागद, कापड आणि जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांवर २०० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. शिवाय प्रकाशाने होणारी हानी साचत जाते. २०० लक्समध्ये एक तास आणि ५० लक्समध्ये चार तास यांचा हिशेब सारखाच, आणि उडालेला रंग परत येत नाही. त्यात सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जाणारा, हवा कोरडी आणि पावसाळ्यात एकदम ओलावा. कागदाला या चढउताराचा जाच सर्वांत जास्त.

त्याखाली आणखी एक प्रश्न होता, तो फारसा कोणी उच्चारत नव्हते. कलादालन उभे राहिल्यावर रोज कुलूप कोण उघडणार, वीजबिल कशातून भरणार आणि भिंतीवर काय लागावे हे कोण ठरवणार?

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेरगावच्या एका वास्तुरचनाकारांनी मांडला. शेड पाडावी, कचेरी दर्शनी बाजू म्हणून ठेवावी आणि मागे काचेच्या दर्शनी भागाची नवी, पूर्ण वातानुकूलित इमारत बांधावी, असा त्याचा आराखडा होता. रेखाटने देखणी होती आणि काही विश्वस्तांना ती मनापासून आवडलीही. खर्च मात्र न्यासाच्या आवाक्यापलीकडे होता आणि दानपत्रातील विणकामाच्या आठवणीची अट शेड पाडून कशी पाळणार, याचे उत्तर त्यात नव्हते.

दुसरा पर्याय शेड ठेवून तिच्या काचा बुजवण्याचा आणि आत वातानुकूलित पेटी बसवण्याचा होता. तो संग्रहाच्या दृष्टीने सुरक्षित वाटे. पण स्थानिक वास्तुरचनाकार मॅडमनी एक मुद्दा काढला आणि त्यावर समिती थबकली. विजेच्या खर्चामुळे यंत्रणा दिवसा चालवून रात्री बंद ठेवावी लागली, तर तापमान आणि आर्द्रता रोज खाली-वर होत राहील आणि कागदाला ते मुळीच यंत्रणा नसण्यापेक्षा अधिक घातक ठरेल. चोवीस तास चालवणार असाल तरच हा मार्ग घ्या, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरा पर्याय शेड चित्रांना आणि कचेरी संग्रहाला देण्याचा. जाड भिंतींची कचेरी उन्हाळ्यातही आतून सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणजे स्थैर्य तिच्या बांधणीतच आहे.

चौथा पर्याय उत्पन्नाचा होता. अंगण लग्नसमारंभांना द्यावे आणि रस्त्याकडची बाजू एखाद्या शोरूमला दीर्घ मुदतीने भाड्याने द्यावी, असे हिशेब पाहणाऱ्या विश्वस्तांनी सुचवले. सार्वजनिक न्यासाची जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे हा मार्ग दिसतो तितका सरळ नव्हता. तरी त्यामागची काळजी खरी होती आणि तिची टर उडवणे चुकीचे ठरले असते.

मुंबईतील भेटी

निर्णयापूर्वी समितीतील काही जणांनी मुंबईतील संस्था पाहिल्या. पाहण्याचा हेतू नक्कल करण्याचा नव्हता, इतरांनी हाच पेच कसा सोडवला ते समजून घेण्याचा होता.

जहांगीर कलादालन १९५२ साली मुळातच प्रदर्शनासाठी बांधले गेले. तेथे चित्रकार ठरावीक मुदतीसाठी जागा घेतो आणि मुदत संपली की पुढच्याला देतो. इमारतीइतकेच हे वेळापत्रक म्हणजे जहांगीर आहे, हे आमच्या चित्रकला शिक्षकांचे निरीक्षण मला फार नेमके वाटले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे. बाहेरचे कवच जुने ठेवून आत नवे मजले रचले गेले आणि १९९६ मध्ये ते खुले झाले. तेथे दुसऱ्या पर्यायाचे बलस्थान कळले आणि त्यासाठी किती मोठी यंत्रणा पाठीशी लागते तेही कळले. त्याच चौकातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या रचनेत वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोलघुमटापासून प्रेरणा घेतली. सोलापूरकर ज्या विजापूरला शाळेच्या सहलीत जाऊन येतो तेथला आकार मुंबईत पाहताना समितीतल्या एकदोघांना जो अभिमान वाटला, तो मी येथे नोंदवून ठेवतो, कारण जवळपासच्या वास्तूंकडे आदराने पाहण्याची सुरुवात तेथे झाली.

सर्वांत उपयोगी पडले ते भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये खुली झालेली ही इमारत जीर्ण झाली होती. २००३ साली महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, कोणाची जबाबदारी कोठवर हे कागदावर आले आणि मग दुरुस्ती झाली. तिला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. लोकांच्या लक्षात तेथील रंगकाम राहते. आमच्या समितीने परत येताना गाडीत चर्चा केली ती कराराची.

उजेडाची मोजणी

निर्णय खऱ्या अर्थाने फिरला तो सोलापुरात परतल्यावर. निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आग्रह धरला की उत्तरेचा उजेड चांगला, हे ऐकून आपण काही ठरवायचे नाही, मोजून ठरवायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी लक्समीटर घेऊन भिंतींच्या ठरावीक जागी फेब्रुवारीपासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. हिवाळ्याअखेरच्या नोंदी अपेक्षेप्रमाणे आल्या. उजेड भरपूर होता, पण सारखा आणि मऊ होता. एप्रिलमध्ये मुलांनी तक्रार आणली की सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर आणि दुपार उतरल्यावर पूर्वेच्या भिंतीवर उन्हाचे तिरपे पट्टे पडतात, आणि त्या जागी मीटरचा आकडा भलतीकडेच जातो.

कारण भूगोलाचे आहे. ही छपरे जेथे प्रथम बांधली गेली त्या इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत येथे सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तेथून ऑगस्टच्या आरंभापर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे उत्तरेच्या ज्या काचेतून ऊन कधीच येणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, तिच्यातून वर्षाचा जवळपास अर्धा काळ ते दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या वेळी आत येत होते.

उपाय सुचवला तो याच शेडमध्ये उमेदीची वर्षे जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, म्हणून काढलेल्या एका मामांनी. त्यांना बैठकीला बोलावले होते ते मागांची जागा दाखवण्यासाठी. पट्ट्यांची चर्चा ऐकून ते म्हणाले, “साहेब, पाडवा झाला की आम्ही काचांना चुना मारायचो. नाहीतर डोळे दिपून तुटलेला धागा दिसायचा नाही. पहिल्या दोन पावसांत चुना आपोआप धुऊन जायचा.” पुढे त्यांनी जमिनीतल्या उथळ गटारी दाखवल्या. कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून त्यांतून पाणी सोडत. ज्या दोन गोष्टींसाठी समिती सल्लागार शोधत होती, त्या दोन्हींवर कारखान्याने केव्हाच मार्ग काढला होता, आणि तो ठाऊक असलेला माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

समितीने तिसरा पर्याय स्वीकारला. शेड बदलत्या चित्रप्रदर्शनांना आणि वर्गांना, तर कचेरीचा तळमजला विणकाम संग्रहाला द्यायचे ठरले.

शेडच्या काचांवर बाहेरून उभ्या पट्ट्या काटकोनात बसवल्या. उत्तरेच्या काचेवर पूर्व-पश्चिमेकडून तिरपे येणारे ऊन आडव्या छज्जाने अडत नाही, त्याला उभाच आडोसा लागतो. दुपारच्या उन्हासाठी पाडव्याच्या चुन्याची प्रथा पुन्हा सुरू केली. ती स्वस्त आहे आणि दरवर्षी न चुकता करावी लागते, म्हणून तिची नोंद देखभालीच्या वेळापत्रकात केली. पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिला आणि तापलेली हवा बाहेर जावी म्हणून दात्यांच्या माथ्याशी झरोके उघडले. भिंतींवर पूर्वी कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता, त्यामुळे दगडातली ओल आतच अडकून पोपडे धरले होते. तो काढून चुन्याचा गिलावा केला. दगडात खिळे ठोकायचे नाहीत असा नियम झाला आणि चित्रे टांगण्यासाठी भिंतीच्या माथ्यावरून लोखंडी पट्टी फिरवून तिला तारा सोडल्या.

कचेरीत पश्चिमेच्या खिडक्यांना आतून लाकडी झडपा बसल्या आणि मंद दिव्यांची सोय झाली. ग्राफ कायमचे टांगायचे नाहीत, थोडे महिने मांडून पुन्हा आडव्या खणांत विसावू द्यायचे, असे ठरले. कपाटांतल्या डांबरगोळ्या काढल्या, कसरीने खाल्लेले कागद वेगळे केले आणि प्रत्येक ग्राफचे छायाचित्र घेतले.

चौथ्या पर्यायाबाबत बरीच ओढाताण झाली. शेवटी अंगण लग्नांना द्यायचे नाही, पण हातमाग आणि हस्तकलेचे मेळे, व्याख्याने व छोटी नाटके यांना माफक भाड्याने द्यायचे, आणि रस्त्याकडची एक खोली तीन वर्षांहून कमी मुदतीने चहा-नाश्त्याच्या चालकाला द्यायची, असा मधला मार्ग निघाला. विश्वस्त मंडळ आणि प्रदर्शन समिती वेगळ्या ठेवल्या. काय लागावे हे समितीने ठरवायचे आणि विश्वस्तांनी आपल्या ओळखीच्या चित्रकारासाठी शब्द टाकायचा नाही, हे लेखी झाले. मला हा सर्व प्रकरणातला सर्वांत धाडसाचा निर्णय वाटतो. आपल्या गावांत ओळखीला नाही म्हणणे भिंत बांधण्यापेक्षा कठीण असते.

परिणाम

शेड खुली झाली आणि चित्रकारांनी ती लगेच आपलीशी केली. मोठ्या कॅनव्हासपासून दूर उभे राहून तो पाहता येतो ही सोय कित्येकांना स्वतःच्या गावात प्रथमच मिळाली. सकाळचे रेखाटनाचे वर्ग त्या उजेडात उत्तम चालतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दालन बंद ठेवावे लागते. उष्णता कमी झाली असली तरी माणसाला बसवेल इतकी नाही.

प्रेक्षकांबाबत मात्र अंदाज चुकला. अकरा ते पाच या वेळेत शाळांच्या सहलींखेरीज फारसे कोणी फिरकेना. परिसरात विडी वळणाऱ्या आणि शिवणकामाच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका, मागावर पाळी असलेले पुरुष. दिवसा मोकळे कोण असणार? वेळ बदलून संध्याकाळी आठपर्यंत केल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. विणकाम संग्रहापाशी आजीने नातीला ग्राफ वाचून दाखवणे हे तेथे नित्याचे झाले आहे. पण संध्याकाळी दिवसाचा उजेड नसतो. ज्या छपरावर समितीने सर्वाधिक विचार आणि खर्च केला त्याचा लाभ वर्गांना आणि चित्रांच्या जतनाला होतो, बहुसंख्य प्रेक्षक येतात तेव्हा दालन दिव्यांवर चालते. दिव्यांची तरतूद अंदाजपत्रकात अगदी शेवटी, उरलेल्या रकमेतून केली होती, आणि तिचा तोकडेपणा आता रोज जाणवतो. तैलचित्रांच्या गुळगुळीत पृष्ठावर दिव्यांची चमक येते आणि कोपऱ्यातली चित्रे अंधारात राहतात.

वेगळे काय करता आले असते

वास्तूचा आराखडा सुरू होण्यापूर्वी संग्रहाची यादी हवी होती. काय जपायचे आहे हे ठाऊक नसताना कसे जपायचे याची चर्चा महिनोन्‌महिने चालली, आणि पहिल्या दोन पर्यायांवरचा बराच वेळ त्यामुळे वाया गेला. ग्राफची यादी आधी झाली असती, तर ५० लक्सची मर्यादा पहिल्याच बैठकीत टेबलावर आली असती.

जॉबर मामांसारख्या माणसांना आरंभीच बोलावायला हवे होते, आणि मागांच्या जागा विचारण्यापुरते नव्हे. शेड कोणत्या महिन्यात कशी वागते हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत होते. मोजणी तरीही करावीच लागली असती, पण कोठे आणि केव्हा मोजायचे हे लवकर समजले असते.

प्रेक्षकांची वेळ ही व्यवस्थापनाची बाब मानून शेवटी ठेवली गेली. ती वास्तुरचनेची बाब होती. आसपासच्या घरांतून, विशेषतः बायकांना, तुम्ही केव्हा येऊ शकाल हे आधी विचारले असते, तर दिव्यांना छपराइतकेच महत्त्व मिळाले असते, अंगणातला रस्ता उजळला असता आणि स्वच्छतागृहे मागच्या अंधाऱ्या बाजूला गेली नसती.

एक निर्णय अजून बाकी आहे. दालन सुरू झाल्यावर परिसरातील नमुनाकारांच्या घरांतून आणखी ग्राफ आणि तुकडे येऊ लागले. काहींनी ते दिले, काहींनी ठेवायला दिले, आणि दोन्हींत कागदोपत्री फरक केला गेला नाही. दान आणि ठेव यांचे वेगळे करारपत्र तयार होत आहे. त्यात प्रत्येक ग्राफवर नमुनाकाराचे नाव नोंदवण्याचे कलम घालावे असा प्रस्ताव प्रदर्शन समितीने विश्वस्तांपुढे ठेवला असून तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.